मामीऐवजी काशीला आलेला माड

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील तर ते माझ्या मामीचे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे ते एका माडाबद्दल आहे, पण तो माड तिचा होता.

आमचं गाव कोकणात खाडीकाठी. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला मला तालुक्याच्या गावी मामाकडे ठेवलं आणि पदवी हातात पडेपर्यंत मी तिथेच राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मामा बसवर कंडक्टर होता. त्यांचा मुलगा, माझा मोठा मामेभाऊ, तोवर मुंबईला कामाला लागला होता. मामी घरामागच्या जागेत रोपं करून विकायची. आंब्याची कलमं, पोफळी, माड. पुढे मुंबईच्या लोकांनी आमच्याकडे बंगले बांधायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना परदेशी पाम हवे झाले. बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचे, पंख्यासारख्या पानांचे, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या झुपक्यांचे. मामी तेही आणून वाढवायला लागली. त्यांची नावं तिला उच्चारता येत नसत. ती त्या सगळ्यांना ‘पाहुणे’ म्हणायची.

पाहुणे आले की आधी फणसाच्या सावलीत ठेवायचे. पाणी बेताचं, खत अजिबात नाही. मी एकदा उत्साहाने शेणखत घालायला गेलो तेव्हा तिने माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं.

“आल्या आल्या ताट भरून वाढू नये रे. बिचारा घाबरतो. आधी त्याला इथली हवा तरी कळू दे.”

मला वाटतं, मी पहिल्यांदा त्या घरात आलो तेव्हा मलाही तिने असंच ठेवलं होतं. पहिले काही दिवस अभ्यासाचं विचारलं नाही, घरची आठवण येते का हेही विचारलं नाही. फक्त जेवताना माझ्या शेजारी बसायची.

मी बारावीला होतो त्या वर्षी आळीतल्या बायकांची काशीयात्रेची बस ठरली. मामीने सगळ्यांच्या आधी नाव दिलं होतं. नवी पिशवी शिवली होती, तिला आतून खिसा लावला होता. नंतर कळलं की बस निघणार ती नेमकी माझ्या परीक्षेच्या आठवड्यात. मामाची तेव्हा रात्रीची ड्युटी होती. मामीने जाऊन नाव काढलं आणि परत येऊन पोळ्या लाटायला बसली.

मी म्हणालो, “मामी, मी करीन ना माझं माझं.”

“काय करशील? काल दूध उतू घालवलंस. काशी कुठे पळून जाते? पेपर पळतात.”

काशी पळाली नाही. पण पुढच्याच वर्षी मामाला अर्धांगवायू झाला आणि तो अंथरुणाला खिळला. मामी त्याच्याजवळून हलली नाही. तो गेला तोवर तिचे गुडघे गेले होते. ती शिवलेली पिशवी बियाणं ठेवायला वापरात आली.

मला बँकेत नोकरी लागली आणि काही वर्षांनी बदलीचा हुकूम आला, वाराणसीचा. मी सांगायला गेलो तेव्हा मामी पिशव्यांत माती भरत बसली होती.

“काशीला? तुला?” ती थांबली आणि हसायला लागली. “म्हणजे मी घरी राहिले नि तूच निघालास की रे.”

मला हसता आलं नाही. ज्या गावाला ती माझ्यामुळे गेली नाही, त्या गावात मी आता भाड्याची खोली घेऊन राहणार होतो. मी म्हणालो, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, गुडघे, रोपं, पाणी कोण घालणार. मग उठून मागे गेली आणि कोंब आलेल्या नारळांच्या ओळीतून एक उचलून आणला. विहिरीजवळच्या जुन्या माडाचा नारळ. कोंब हातभर उंच, दोन पानं, अजून न चिरलेली.

“मी काही येत नाही आता. हा येईल. कुठेतरी गंगेच्या जवळ लाव. माझ्या वतीने उभा राहील तिथे.”

तो माझ्याबरोबर मुंबईला गाडी बदलून आला. मी त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून खिडकीशी ठेवलं होतं. जबलपूरच्या पुढे समोरच्या बाकावर एक वयस्कर बाई चढल्या. त्यांनी विचारलं, “पूजा का है?” मी म्हणालो, पूजेचा नाही, लावायचा आहे. त्या म्हणाल्या, “बनारस में? वहाँ तो जाड़ा पड़ता है बेटा.” तिथल्या थंडीची धास्ती घालूनही त्यांनी बाटलीतलं थोडं पाणी त्याच्यावर शिंपडलं.

मला खोली मिळाली ती मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत, एका मराठी घराच्या वरच्या मजल्यावर. मालकीणबाईंच्या सासरची माणसं काही पिढ्यांपूर्वी पुण्याकडून इथे आली आणि इथलीच झाली. मी त्यांना काकू म्हणतो. त्या एकट्या खाली राहतात. त्यांची मराठी घरापुरती आहे. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कुठेतरी हिंदीत उतरतं. पहिल्या दिवशी मी सामान वर नेताना त्यांनी गोणपाट उघडून पाहिलं.

“हे काय आणलंत भैया?”

“माड आहे काकू. नारळाचं झाड.”

“नारळाचं? मी इथेच जन्मले, इथेच लग्न झालं. नारळ मी ठेल्यावर बघितला, झाडावर कधीच नाही. इथे नाही होत हे.”

“बघू तरी.”

“बघा. जागा खूब आहे गच्चीवर. पण बंदरं आहेत, सांगून ठेवते.”

नावाड्याला सांगून पलीकडच्या काठावरची वाळू आणवली, त्यात माती आणि शेणखत मिसळलं आणि एका मोठ्या डब्यात माड लावला. काकूंच्या गच्चीवर माकडांच्या भीतीने केलेला लोखंडी जाळीचा पिंजरा होता. आत त्यांची झाडं असायची आणि थंडीत डेलिया. ताटाएवढी फुलं. मी असे डेलिया फक्त कॅलेंडरवर पाहिले होते. त्या पिंजऱ्यात कोपऱ्यात माडाला जागा मिळाली.

पहिला हिवाळा त्याने काढला. डबा अजून उचलता येत होता, म्हणून मी संध्याकाळी तो जिन्यात आणायचो आणि ऊन पडलं की वर न्यायचो. काकू खालून बघायच्या. एकदा मी त्याच्याभोवती माझी शाल गुंडाळली.

“वा. कोकणचा जावई आलाय आमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “अशी खातिर माझ्या खऱ्या जावयाची नाही झाली.”

तेव्हापासून तो जावई झाला. ‘जावयाला चाय दिली का’, ‘जावई आज रुसलेत का’ असं चालायचं. मी मामीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. प्रत्येक फोनच्या शेवटी तिचा एकच प्रश्न असायचा.

“उभा आहे ना?”

“उभा आहे.”

“बरं मग.” आणि फोन बंद.

मार्चमध्ये काकूंनी डेलियाचे कंद काढले, त्यांतले थोडे मी मामीला पाठवले. मला वाटलं, तिकडून माड आला, इकडून काहीतरी जावं. जुलैत तिने फोनवर सांगितलं, “तुझे डेलिया गेले रे. पावसात कुजले. पण मे महिन्यात एक फूल आलं होतं, एवढुसं. मी बघितलं.” तिच्या आवाजात कुठे वाईट वाटल्याचा सूर नव्हता. तिने पाहिलं आणि तिला पुरलं, असं काहीतरी होतं.

त्याच उन्हाळ्यात माडाचं पान पहिल्यांदा चिरलं. आधीची पानं अखंड होती, हे कंगव्याच्या दातांसारखं सुटं झालं. इथली लू, उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली होती. दुपारी गच्चीवर उघड्या पायाने उभं राहवत नव्हतं. पिंजऱ्यावर ओली चादर टाकून मी बँकेत जायचो आणि जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत येऊन ती पुन्हा भिजवायचो. संध्याकाळी त्या सुट्या पानातून वारा गेला की जो आवाज यायचा, तो मी गावाकडे लहानपणी झोपताना ऐकलेला आवाज होता. अगदी बारीक, एकाच पानाचा. मी खोलीतली खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली. गंगेवरून आरतीचे भोंगे ऐकू यायचे, खालून काकूंचा टीव्ही. मी त्या दोन्हींच्या मधून ते पान ऐकायचा प्रयत्न करायचो. माझ्या आयुष्यात सगळं चांगलं होत होतं, पगार होता, मान होता. तरी त्या खुर्चीत बसलं की मला मामीच्या मागच्या पडवीतली ओली माती आठवायची.

पावसाच्या सुरुवातीला मी त्याला मोठ्या निळ्या ड्रममध्ये हलवलं. आता तो खाली-वर नेण्यासारखा राहिला नव्हता. त्याचा शेंडा जाळीला टेकायला लागला तेव्हा काकूंनी स्वतः सांगून वरची जाळी कापून घेतली. “जावयाला खिडकी पाहिजे,” म्हणाल्या.

मामीने फोनवर विचारलं, “मीठ घातलंस का?”

कोकणात हे कोणाला सांगावं लागत नाही. माड लावताना खड्ड्यात मीठ घालतात आणि पावसाच्या सुरुवातीला बुंध्यापाशीही घालतात. माझ्या आजोबांनी घातलं, मामी घालते. मी बाजारातून खडे मीठ आणलं आणि मुठी भरभरून ड्रममध्ये घातलं. काकू वाळवणाचे पापड उचलायला वर आल्या होत्या.

“भैया, लोणचं घालताय का?”

“आमच्याकडे माडाला मीठ घालतात.”

“हां? मग घाला. बिचाऱ्याला घरचं जेवण.”

श्रावण सरत आला तशी पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली. मला वाटलं, अजून मीठ हवंय. थोडं आणखी घातलं. पाऊस संपल्यावर एका सकाळी ड्रममधल्या मातीवर पांढरा थर दिसला, आमच्या बोअरिंगच्या पाण्याने बादलीच्या काठावर धरतो तसा. तेव्हा उमगलं. आमच्याकडे चार महिने कोसळणारा पाऊस ते मीठ धुऊन खाली नेतो, म्हणून ते चालतं. इथे पाऊस तेवढा नाही, पाणी मुळात खारं, आणि ड्रम म्हणजे ड्रम. मामीचं चुकलं नव्हतं. ती जिथे बसून सांगत होती तिथे ते बरोबर होतं.

माती धुवायची तर बोअरिंगच्या पाण्याने धुवून उपयोग नव्हता. मी पंचगंगा घाटावर उतरून गंगेचं पाणी आणायला लागलो. सकाळी बँकेआधी दोन बादल्या. आमच्या इथल्या पायऱ्या जो चढला आहे त्याला सांगायला नको. घाटावरचे लोक विचारायचे, एवढ्या जलाचं काय करता. मी म्हणायचो, झाडाला. काकू जिन्याच्या तोंडाशी बसून लसूण सोलायच्या.

“जावयाला रोज गंगास्नान. पुण्य कोणाला लागणार, त्याला की तुम्हाला?”

“मामीला,” मी म्हणालो.

पूर्ण कार्तिक हे केलं. पांढरा थर गेला, टोकं तपकिरी व्हायची थांबली. मला वाटलं, जिंकलो. पण मी ड्रम भिजवून चिंब करून ठेवला होता आणि मग धुकं आलं.

त्या वर्षी धुकं बसलं ते हललंच नाही. समोरचं छप्पर दिसत नव्हतं. माती सुकेना. मी माडाभोवती काकूंनी दिलेली जुनी रजाई गुंडाळली, ड्रमखाली विटा दिल्या, वर बल्ब लावला. सकाळी रजाई बाहेरून ओली असायची. आपल्याकडे माघात उकडायला लागतं आणि इथे मी टोपी घालून एका झाडासमोर उभा राहून त्याच्या श्वासाची वाट पाहत होतो.

माडाला शेंडा एकच असतो. त्याला फांद्या नाहीत. मधल्या सुरळीतून एकेक पान वर येतं आणि ती सुरळी गेली की दुसरीकडून काही फुटत नाही. वसंत पंचमीनंतर ऊन पडलं तेव्हा मी रजाई सोडली. खालची पानं हिरवी होती. मधली सुरळी फिकी दिसत होती. मी तिला बोट लावलं. ती वर आली. काही ओढावं लागलं नाही. तळाशी ती मऊ झाली होती आणि तिला आंबल्याचा वास येत होता.

तरी मी वाट पाहिली. असं झालेला माड एखादा सावरतो, हे मामीकडेच पाहिलं होतं. होळी गेली, पाडवा गेला. हिरवी पानं एकेक करून पिवळी पडत गेली. त्याच सुमारास मामीच्या कानांनी साथ सोडली. फोनवर ती मोठ्याने बोलायची आणि माझं काहीच तिला ऐकू जायचं नाही. शेवटी तिची सून, म्हणजे मुंबई सोडून आता तिच्याजवळ राहायला आलेली माझी वहिनी, फोन घेऊन म्हणाली, “भावोजी, आई म्हणतायत, माड उभा आहे का ते लिहून पाठवा. मोठ्या अक्षरात लिहा. त्यांना स्वतः वाचायचंय, मला वाचू देत नाहीत.”

शेवटचं पान पडलं त्या रविवारी मी गच्चीवर बसलो होतो. काकू पापडाची चादर घेऊन वर आल्या. बघितलं आणि चादर बाजूला ठेवून ड्रमच्या काठावर हात टेकून उभ्या राहिल्या.

“गेला का?”

“गेला.”

“मामींना कळवलं?”

“काय कळवू काकू? तिने त्याला आपल्याऐवजी पाठवलं होतं.”

“झाडाला काय माहीत हो, ते कोणाच्या ऐवजी आलं. ज्याला यायचं असतं त्यानेच यायला पाहिजे ना.”

“गुडघे गेलेत तिचे.”

“गुडघे? या मुहल्ल्यात कोणाचे चांगले आहेत? माझे आहेत? खालची खोली रिकामी आहे, जिना चढायचा नाही. जावई गेला तर गेला. विहीणबाईंना बोलवा.”

आणि त्या पापड घालायला लागल्या. मी खाली येऊन कागद घेतला. एका ओळीत चार-पाच शब्द मावतील एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं.

तीर्थरूप मामीस,

साष्टांग नमस्कार.

तुझा माड आता उभा नाही. थंडीने त्याचा शेंडा गेला. खालची पानं बरेच दिवस हिरवी होती म्हणून मी थांबलो, लगेच लिहिलं नाही. आज शेवटचं पान पडलं.

मिठाचंही सांगतो, कारण तू विचारशील. इथे मीठ नको होतं. आपल्याकडे पाऊस ते धुऊन नेतो, इथे नेत नाही. मग मी गंगेच्या पाण्याने ते धुतलं. महिनाभर रोज. त्यामुळे माती ओली राहिली आणि वरून थंडी आली. तू असतीस तर कदाचित माझा हात धरला असतास.

पण तो दोन वर्षं इथे होता. तो गंगेचं पाणी पोटभर प्यायला. त्याचं पान चिरलं ते मी पाहिलं. संध्याकाळी त्याचा आवाज यायचा, आपल्या विहिरीवर येतो तसा.

दुसरा नारळ पाठवू नकोस. इथे तो राहायचा नाही, आणि मला आता तो नको आहे. मला तू हवी आहेस. कार्तिकात ये. तेव्हा इथे ऊन कोवळं असतं, ना लू ना धुकं. मी स्वतः न्यायला येतो. गाडीत खालची बर्थ घेईन. इथे खालची खोली आहे, जिना नाही. मंगला गौरी गल्लीतच आहे. गंगेपर्यंत पायऱ्या आहेत, पण खुर्चीत बसवून नेणारी माणसं आहेत, आणि ती नसली तर मी आहे.

रोपांना पाणी वहिनी घालेल, मी तिच्याशी बोललो. पाहुण्यांना बेताने घाल म्हणून सांगितलंय.

ती आतून खिसा असलेली पिशवी झटकून घे. बियाणं दुसरीकडे ठेव.

तू फक्त एकदा गंगेच्या काठावर उभी राहा. मला तेवढंच बघायचंय.

तुझा,
भाचा

ता. क. काकू विचारतात, विहीणबाईंना चहात साखर चालते का, की बंद आहे. लिहून कळव. मोठ्या अक्षरात नको, मला दिसतं.